एसीशिवाय कॅम्पर उन्हाळ्यात थंड कसा ठेवायचा?

वाटसरू_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही एक जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर करून घेतला आहे. सहा मीटर लांब, पत्र्याची, रंग गडद निळा. दोन्ही बाजूंना एकेक सरकती काच आहे. छताला एक झडप आहे, पण तिला पंखा नाही. बॅटरी एकच, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड, आणि छतावर एक सोलर पॅनल. एवढ्यावर एसी चालणार नाही हे कळतं, आणि जनरेटरची घरघर आम्हाला नको आहे.

दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की आतल्या पत्र्याला हात लाववत नाही. त्याहून वाईट म्हणजे रात्री अकराला बाहेर बरं वाटत असतं आणि आत शिरलं की घुसमट होते. चार वर्षांची मुलगी झोपतच नाही, रडून रडून थकते. सोबत एक म्हातारा कुत्राही असतो. काचांना आतून चंदेरी शीट लावून पाहिली, फरक पडला पण थोडाच.

छताला इन्सुलेशन, झडपेत पंखा, छोटा पाण्याचा कूलर, बर्फाच्या डब्यावर पंखा, असं सगळं वाचून डोकं भणाणलं आहे. सगळं एकदम जमणार नाही. आधी काय करू?

रानफूल

आम्ही थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून झाकणाला छोटा पंखा बसवला होता. समोर बसलं की अर्धा तास फार छान वाटतं. पण पूर्ण गाडी थंड होते असं म्हणणार नाही. करून बघा, सोपं आहे.

शीतगृहवाला

ताई, माझी सगळी नोकरी शीतगृहांच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं उन्हाळाभर कॅम्परमध्येच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

शीतगृहात कुठलंही यंत्र ठरवायच्या आधी आम्ही उष्णतेचा हिशेब मांडायचो. ती कुठून येते, किती येते, आणि त्यातली किती दारातच अडवता येईल. तुमच्याकडे यंत्र नाहीच, तेव्हा हा हिशेब हेच तुमचं यंत्र आहे.

सगळ्यात मोठी रक्कम छताची. निरभ्र आकाशात, सूर्य डोक्यावर असताना एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. तुमच्या गाडीचं छत दहा चौरस मीटर धरा, म्हणजे दहा किलोवॉट. गडद रंग त्यातलं बहुतेक सगळं शोषून घेतो, चांगला पांढरा रंग बहुतेक परत फेकतो. शोषलेल्यातलं बरंचसं वारा बाहेरच्या बाहेर नेतो, हे खरं. पण उरलेला हिस्साही तुमच्या छोट्याशा खोलीला भारी असतो. तुलनेसाठी सांगतो, स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो.

म्हणून पहिलं काम छताचं, आणि तेही बाहेरून. छतावर पत्र्यापासून चार-पाच बोटं वर, खालून वारा खेळेल असं शेडनेट किंवा हलक्या रंगाची ताडपत्री ताणा. पत्र्याला चिकटवून अंथरू नका, मधली मोकळी जागा महत्त्वाची आहे. ताडपत्री तापते, पण तिच्या खालची गरम हवा वाऱ्यानं निघून जाते आणि पत्रा सावलीत राहतो. सोलर पॅनलही हेच काम फुकटात करतं, फक्त ते छतापासून थोडं उचललेलं हवं. त्यानं पॅनललाही बरं वाटतं, कारण तापलेलं पॅनल वीज कमी देतं. पॅनलवर मात्र जाळी येऊ देऊ नका. आणि प्रवासाला निघण्याआधी हे सगळं उतरवायचं, वाऱ्यानं उडून मागच्या गाडीवर गेलं तर अनर्थ होईल.

दुसरी रक्कम काचांची. इथेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून नीट सांगतो. ऊन काचेतून सहज आत येतं. आतल्या वस्तू त्यानं तापतात आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता ज्या लांब लहरींच्या रूपात बाहेर पडू बघते, त्या काच अडवते. तुम्ही शीट आतून लावलीत. तिनं काही ऊन परत फेकलं, पण जे शोषलं ते काचेच्या आतच राहिलं. शीट आणि काच यांच्यामध्ये तापलेली हवा सरळ तुमच्या खोलीत येते. तीच शीट बाहेरून लावा. ऊन काचेला शिवण्याआधी अडलं पाहिजे. पुढची मोठी काच आणि चालकाच्या दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून झाका. कोपऱ्यांना हूक किंवा दारात अडकवायच्या पट्ट्या शिवून घेतल्या की दोन मिनिटांचं काम. बाहेरून लावणं जिथे शक्यच नसेल तिथे आतून लावा, काहीच नसण्यापेक्षा ते बरं. चालकाच्या केबिनमागे जाड पडदाही लावा, म्हणजे तिथली झळ झोपायच्या भागात येत नाही.

गाडी उभी कशी करता यालाही फार किंमत आहे. उत्तर गोलार्धात गाडीचं तोंड उत्तरेकडे ठेवा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, कारण त्यानं पुढची काच वाचते. भर उन्हाळ्यात मला तो पटत नाही. दुपारी सूर्य इतका वर असतो की उभ्या भिंतींवर तो तिरपा घसरून जातो. भिंतींना खरा मार बसतो तो सकाळी आणि त्याहून जास्त दुपारी तीननंतर, जेव्हा तो पश्चिमेला खाली आलेला असतो. तोंड उत्तरेला केलंत तर तुमची सहा मीटरची पूर्ण बाजू त्या उन्हासमोर येते. गाडी पूर्व-पश्चिम लावा, पाठ पश्चिमेला. मग दुपारचं ऊन फक्त मागच्या अरुंद दारांवर येतं आणि तेवढं झाकणं सोपं जातं. सकाळचं ऊन पुढच्या काचेवर येईल, पण ती तुम्ही बाहेरून झाकलेलीच आहे. बाजूची कनात सूर्याच्या बाजूला ओढा.

झाडाखाली लावणार असाल तर आत्ता सावली कुठे आहे ते पाहू नका, दुपारी तीन ते सहा ती कुठे असेल ते पाहा. सकाळी सुंदर वाटणाऱ्या जागेत दुपारी ऊन भरलेलं असतं. वाळक्या फांद्यांखाली गाडी लावू नका आणि सावलीत पॅनल वीज देणार नाही, हेही धरून चला.

तिसरी रक्कम आपणच आत निर्माण केलेली. गॅसची शेगडी आत पेटवली की दीड-दोन किलोवॉटचा हीटर चालू झाला असं समजा. शिवाय एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, ती वेगळी. उन्हाळ्यात स्वयंपाक बाहेर, यावर आमच्या घरी चर्चाच होत नाही. फ्रिज आतून जी उष्णता काढतो ती त्याच्या पाठीमागे टाकतो, आणि ती पाठ कपाटात बंद असेल तर ती सगळी तुमच्याच खोलीत येते. पाठीमागे खाली आणि वर जाळ्या ठेवा, म्हणजे हवा खालून वर फिरेल. इन्व्हर्टर विनाकारण चालू ठेवू नका.

आता पंखा. तो झडपेत बसवाच, आणि हवा बाहेर फेकणारा बसवा. बऱ्याच झडपा १४ इंच चौकोनी असतात आणि त्या मापाचे १२ व्होल्टचे पंखे मिळतात. आधी तुमची झडप मोजा. गरम हवा वर जमते, ती तिथूनच ओढली जाते. पण पंख्याची मर्यादा समजून घ्या. तो आतली हवा बाहेरच्या हवेइतकी आणू शकतो, तिच्याखाली नाही. आत एक किलोवॉट उष्णता येत असेल आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाचच अंश जास्त ठेवायचं असेल, तर ताशी सुमारे ६०० घनमीटर हवा बदलावी लागते. चांगला पंखा हे करतो. पण पाच किलोवॉट येऊ दिलेत तर कुठलाही पंखा पुरा पडणार नाही. म्हणूनच सावली आधी आणि पंखा नंतर.

तुमच्या रात्रीच्या तक्रारीचं उत्तरही पंख्यातच आहे. दिवसभर तापलेला पत्रा, लाकूड आणि गादी रात्री हळूहळू उष्णता सोडत राहतात. सूर्य कलला आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळी दारं उघडून पंखा पूर्ण वेगावर तासभर चालवा. गाद्या उभ्या करा, कपाटं उघडा, अडकलेली उष्णता निघू द्या. त्याआधी बादलीभर पाणी छतावर ओतलंत तर फारच उत्तम.

झोपताना मात्र उलट करा. सगळ्या काचा बंद, फक्त उशाजवळची एक उघडी, आणि पंखा मंद. पंख्याला हवा कुठून तरी ओढावीच लागते. एकच वाट ठेवलीत तर सगळी गार हवा झोपलेल्या मुलीच्या अंगावरून जाईल. चार वाटा उघड्या असल्या तर ती सगळ्यात जवळच्या वाटेनं येईल आणि गादीपर्यंत वारा पोचणारच नाही. मच्छरदाणीची जाळी वारा बराच अडवते, म्हणून ती खिडकी मोठी असलेली बरी आणि जाळी धुतलेली असावी, धुळीनं बुजलेली जाळी निरुपयोगी.

विजेची काळजी नको. मधल्या वेगावर असा पंखा साधारण एक-दीड अँपिअर घेतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांना फार तर १२ अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असं धरलं तरी तुमच्याकडे ५० आहेत.

बर्फाबद्दल थोडं. रानफूल म्हणतात ते खरं आहे, समोर बसलं की छान वाटतं, पण हिशेब करा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी बाष्प होताना घेतं सुमारे २४०० किलोज्यूल. म्हणजे लिटरभर पाणी सात किलो बर्फाचं काम करतं! कोरड्या हवेत कूलर इतका प्रभावी का असतो ते यावरून कळेल. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाण्याच्या जोरावर ती २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात छोटा कूलर तुम्हाला २६-२७ पर्यंत नेईल, तेही पुरे आहे. पण ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तीच मर्यादा ३० अंशांवर अडकते. तिथे कूलर लावलात तर तापमान जेमतेम चार अंश उतरेल आणि घाम वाळणं बंद होईल. घाम वाळलाच नाही तर शरीर थंड होणार कसं?

कूलर घ्यायच्या आधी एक परीक्षा करा. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. कोरड्या थर्मामीटरपेक्षा तो दहा-बारा अंश खाली गेला तर कूलर तुमच्या उपयोगाचा. चार-पाचच अंश गेला तर तो विचार सोडा. आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी हवीच, नाहीतर आतली हवा दमट होऊन त्याचं काम थांबतं.

इन्सुलेशन मी शेवटी ठेवलं, कारण ते उष्णता थांबवत नाही, तिला उशीर करतं. सावली आणि हवा यांची सोय झाली की त्याचा खरा फायदा दिसतो. सावलीशिवाय केलंत तर संध्याकाळपर्यंत उष्णता आत येतेच आणि मग रात्री त्याच थरामुळे बाहेर पडायला वेळ लावते. करायचंच तर आधी छत करा. पत्र्याच्या आडव्या पट्ट्याही झाका, लोखंड उष्णता थेट आत आणतं. चंदेरी बुडबुड्यांची शीट पत्र्याला सरळ चिकटवली तर तिची चमक वाया जाते. चमकत्या बाजूला मोकळी हवा असली तरच ती काम करते.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: छतावर सावली, काचांना बाहेरून पडदे, झडपेत पंखा. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही घरी शिवून करू शकता.

वाटसरू_आई

काका, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. काचा आतून झाकून मी समाधानात होते, आजच बाहेरच्या पडद्यांची मापं घेतली.

दोन शंका आहेत. छत पांढरं रंगवून घेऊ का? गाडीचा निळा रंग मुलीचा लाडका आहे, पण छत तर तिला दिसत नाही. आणि आमचा बराच प्रवास समुद्राकाठचा असतो. तिथे तुमच्या परीक्षेत आम्ही नापास होणार. मग काय करायचं?

खारा_वारा

समुद्राकाठचं मी सांगतो, मी वर्षातले बरेच महिने तिथेच असतो.

दमट हवेत हवा थंड करायचा नाद सोडायचा आणि वारा थेट अंगावर घ्यायचा. छतावरचा पंखा हवा बदलतो, पण अंगाला वारा लागत नाही. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे घ्या, एक मुलीच्या पायाशी आणि एक तुमच्या डोक्याशी. वीज अगदी थोडी घेतात.

गादीखाली पट्ट्यांची फळी असू द्या, सपाट प्लायवूड नको. खालून हवा खेळली नाही की पाठ ओली होते आणि गादीला बुरशी धरते. फोमच्या जाड गादीवर सुती चादर, तीही एकच. ओले टॉवेल आत वाळत घालू नका, दमट गाडीत तो ओलावा तुम्हालाच भोगावा लागतो.

समुद्राकाठी दुपारी वारा बहुतेक वेळा पाण्याकडून येतो आणि रात्री जमिनीकडून पाण्याकडे वळतो. संध्याकाळी एकदा वारा कुठून येतो ते पाहून गाडी वळवा. मी रोज हे करतो, कंटाळा करत नाही.

अगदीच असह्य झालं तर डोंगर जवळ करा. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश उतरतं. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही उपायानं, एक युनिट वीज न खर्चता, मिळत नाही. लहान मूल सोबत असताना उन्हाळ्यातला मार्गच उंचीप्रमाणे आखावा असं माझं ठाम मत आहे.

शीतगृहवाला

खारा_वारा यांच्याशी सहमत, विशेषतः उंचीबद्दल.

ताई, छत पांढरं करूनच घ्या. बाजू निळ्याच राहू द्या. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यात जास्त ऊन छतच झेलतं. चकचकीत असो वा मॅट, रंग पांढराशुभ्र हवा. राखाडी किंवा चंदेरी रंगानं तेवढा उपयोग होत नाही. चंदेरी रंग ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, पण स्वतःची उष्णता आकाशाकडे सहज सोडत नाही, त्यामुळे जास्त वेळ तापलेला राहतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. निरभ्र रात्री असं छत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, पहाटे त्यावर दव दिसेल. रंगवल्यावर ते धूत जा, धुळीच्या थरानं निम्मी कमाई जाते.

चार_पाय_एक_शेपूट

कुत्र्याचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. कृपया हे गांभीर्यानं घ्या.

कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून थंड होतात. म्हातारं कुत्रं आणि चपट्या नाकाची कुत्री यात फार लवकर हरतात. उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंश वाढू शकतं. काच दोन बोटं उघडी ठेवल्यानं जवळपास काही फरक पडत नाही. पंखा चालू आहे म्हणून त्याला आत ठेवून जाऊ नका. फ्यूज उडाला किंवा बॅटरी उतरली तर त्याला कोण वाचवणार? मुलीच्या बाबतीतही हेच.

त्याला ओली चादर पांघरू नका, तिच्याखाली गरम वाफ कोंडते. पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं ओले करा आणि पंख्यासमोर बसवा. धाप थांबत नाही, लाळ दाट झाली, चालताना झोकांड्या जातात, असं दिसलं तर त्याच क्षणी पाणी ओतायला लागा आणि पशुवैद्याकडे न्या.

वाटसरू_आई

ताई, हे वाचून पोटात गोळा आला. त्याला आत ठेवून आम्ही जाणार नाही, शब्द देते.

काका, शेवटची एक शंका. पाऊस आला आणि सगळ्या काचा लावल्या, तर झडपेतला पंखा चालू ठेवला तर चालेल ना? कधीकधी पावसात स्वयंपाक आतच करावा लागतो.

शीतगृहवाला

नाही, हे कधीच करू नका, आणि विचारलंत ते फार बरं झालं.

पंखा हवा बाहेर फेकतो आणि सगळ्या वाटा बंद असल्या तर आत कमी दाब तयार होतो. मग तो मिळेल त्या फटीतून हवा ओढतो. गॅसवर चालणारा फ्रिज किंवा गिझर असेल तर त्याच्या धुराड्यातून जळालेला वायूच आत ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. पंखा चालू तर एक खिडकी उघडी, हा नियम कायमचा. खिडकीवर बाहेरून छोटी छपरी लावून घ्या, म्हणजे पावसातही दोन-चार बोटं उघडी ठेवता येईल. झडपेवर पावसाचं झाकण असलेला पंखा मिळतो, तोच घ्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पंख्याच्याही आधी बसवा, झोपायच्या जागेजवळ, त्याच्यासोबत आलेल्या कागदावर सांगितलेल्या उंचीवर. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून आवाज येतो का ते पाहा.

पडदे शिवताना माप काचेपेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठं धरा. काठातून येणारं ऊनही बरंच असतं.